राखणीचा गेम

न्हाई साहेब, मोबाईलचं कार्ड भरून द्यायचं बंद केलंय आमी — पाटी वाचली न्हाई का तुमी दारावरची? 'येथे पिक्चर, गाणी, गेम भरून मिळणार नाहीत.' माझ्याच हातची हाय ती. काचेवर कागद बसवायचा असंल तर बसवते, चार्जर हाय, कव्हर हाय, बोला. बसा की, उभं कावून? आज वडवणीचा बाजार, बाहेर पाय ठेवायला जागा न्हाई. ते कॉम्प्युटर? ते असंच चालू हाय — फिरतंय काय तरी त्यात, फिरू द्या. आन ती भाची माझी, सुकन्या, भावाची पोरगी. कानाला हेडफोन लावून दिलाय, कार्टून बगतीय, तिला काई ऐकू येत न्हाई. तिच्या मानेकडं नका बगू असं, तिला आवडत न्हाई. च्या सांगू? न्हाई? बरं.

परत तेच! एकच कार्ड, आन पावती. साहेब, खरं बोलू का — राग येईल तुमाला — तुमी पायरी चढलात तवाच वळखलं मी. बाहेर एवढा राडा झालाय चिखलाचा आन तुमचे बूट कोरडे, म्हंजी गाडीतनं थेट दारात उतरलात. आन आमचं गिऱ्हाईक पिक्चरचं नाव घेत न्हाई कधी. ते म्हणतं, मारामारीचे दहा टाका, देवाचे पाच, आन म्हातारीला रडायला दोन. तुमी नाव सांगितलं, साल सांगितलं, वरून पावती! बारा वर्षं झाली दुकान टाकून, कार्ड भरल्याची पावती कुण्णी मागितली न्हाई. पिक्चरच्या कंपनीचे ना तुमी? असू द्या, मान हलवू नका. गेल्या साली ष्टँडाजवळच्या रामेश्वरच्या दुकानात असाच एकजण आलता, गोड बोलून कार्ड भरून घेतलं, तासाभरात त्याचा कॉम्प्युटरचा डबा पोलिसाच्या गाडीत. तीन वर्षं आत जाशील म्हणले त्याला. अजून तारखा करतोय.

चोरी, चोरी म्हणता तुमी. मला सांगा, म्हस चोरली तर दावणीला म्हस ऱ्हात न्हाई, बरूबर? मी पिक्चर दिला तर माझ्याकडंबी ऱ्हातो, त्याच्याकडंबी जातो, मग गेलं काय कुणाचं? असं मीबी बोलायचे, लई तोंड वर करून बोलायचे — पण जातं, साहेब. चुलत दीर माझा, रामप्रसाद, नारायणगडावर भजन म्हणला, गळा काय त्याचा! मी मोबाईलवर भरून घेतलं आन त्याला न इचारता सगळ्यांच्या कार्डात घातलं. गेलं ते पार कर्नाटकापतुर. एका कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरवर त्याला त्याचंच भजन ऐकू आलं, तो म्हणला हे माझं हाय, तर लोकं हसली — म्हणली, चल बे, हे तर कवाचं वाजतंय. तवापासून माझ्या दारात पाय न्हाई त्याचा. तवा मी चोर न्हाई असं म्हणतच न्हाई मी. सगळं एका तागडीत घालू नका एवढंच म्हणते.

कावून म्हणता? सांगते ना. दसरा झाला की अर्धी वडवणी ऊस तोडायला जाते, तुमाला ठावं असंल. सहा म्हयने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हंजी झोपडीतच, ऱ्हायचं — तिथं रेंज न्हाई, लाईट न्हाई. बॅटरीवर मोबाईल लावायचा आन कार्डातलं बगायचं, दुसरं काय हाय? म्हणून जायच्या आधी सगळे माझ्याकडं कार्डं भरायला. त्यात एक गेम जायचा, बंदुकीचा. आमी ठो-ठो म्हणतो त्याला. तुमाला वाटंल पोरांचा नाद — मलाबी वाटायचं. पण उसात बिबट्या असतो साहेब. ऊस तुटत आला की त्याला दडायला जागा ऱ्हात न्हाई, मग तो कोपीकडं येतो, आन कोपीला दार असतं का? साडीचा पडदा असतो. तर ही माणसं पाळीपाळीनं राखण बसतात, आन राखणदारानं ठो-ठो खेळायचा, सपीकर लावून. नुसता गोळीचा आवाज भरून देऊन बगितलाय मी — चार दिवसांत बिबट्या सरावला, आन राखणदार तर आवाज ऐकत ऐकत झोपला! गेममधी कवा ही बंदूक, कवा ती, मधीच बाँब, मधीच वरडणं, जनावर बिचकतं. आन मेन म्हंजी खेळणारा जागा ऱ्हातो. डोळा लागला की तो मरतो ना गेममधी! सहा सालं एकाबी कोपीत बिबट्या शिरला न्हाई आमच्या टोळीच्या.

आता ह्यो गेम कुणी तरी कंपनीचं कुलूप फोडून काढलेला हाय, बिगर नेटचा चालतो. तुमी ज्याला चोरीचा म्हणता, त्योच. गेल्या साली रामेश्वरचा डबा गेला आन मी घाबरले. आमचे हे — अजिनाथ — म्हणले, पुसून टाक सगळं, कायद्यानं वाग. लई शहाणी मी, वागले! सगळ्यांच्या मोबाईलातनं जुना गेम मीच काढला आन कंपनीचा खरा घातला, दुकानात उघडून दाखवला एकेकाला — चालतोय का? चालतोय. चालणारच की, दुकानात नेट हाय. त्यो खरा गेम उघडताना दर टायमाला नेटवरनं कंपनीला इचारून येतो, हे इंग्रजीत लिवलेलं असंल बारीक, मी 'हो' दाबत गेले. माझा जलम कोपीत झालाय साहेब. माझी आई मला बांधावर निजवून मोळ्या वाहायची. आन उसात रेंज न्हाई एवढं मला सुचू नये?

पयल्याच आठवड्यात, पयलाच फड तुटत आलता. पाळी माझ्या भावाची, आश्रुबाची. त्यानं गेम उघडला, तर नुसतं चाक फिरतंय — गोल, गोल, गोल. त्यो बगत बसला चाकाकडं. दिवसभर तोडलेला माणूस, आन हातात खेळायला काई न्हाई… बिबट्यानं पोरीला, ह्या सुकन्याला, मानेला धरली. वहिनी शिवकन्या, तिनं पोरीचे पाय सोडले न्हाईत, दुसऱ्या हातानं कोयता घालत ऱ्हायली त्याच्यावर. वाचली पोर. एकवीस टाके. उजवा हात खांद्याच्या वर जात न्हाई तिचा, येणी वहिनी घालते.

आश्रुबा सगळ्यांना सांगतो, पाळी माझी व्हती, मला झोप लागली. टोळीत त्याला आता राखणीला बसवत न्हाईत. शिवकन्यावहिनी वरीसभर धड बोलली न्हाई त्याच्याशी, भाकर पुढं सरकवते आन उठते. दवाखान्यात त्यानं मला इचारलं, मने, त्यो गेम का गं उघडला न्हाई? आन मी म्हणले — तुझा मोबाईल जुना झालाय दादा.

मोबाईल जुना झालाय! असं म्हणले मी. त्याचं त्याला पटलं. अजूनबी पटलंय. अजिनाथलाबी सांगितलं न्हाई मी हे, देवाम्होरंसुद्धा नीट म्हणले न्हाई, आन तुमाला कशाला सांगत बसलेय — तुमी तर माझा डबा न्यायला आलात! बसा, बसा, उठू नका. आता ऐकलंच हाय तर सगळं ऐका. मी वेळ काढतेय साहेब. मघापासनं वेळच काढतेय. ते जे फिरतंय ना कॉम्प्युटरमधी, तो ठो-ठो हाय, जुना, चोरीचा. रामेश्वरनं एका पेनड्राईव्हमधी दडवून ठेवलाता, त्याच्याकडनं आणला सकाळी. बारा कार्डं हायेत आश्रुबाच्या टोळीची. अकरा झालीत, ही बगा, ह्या डबीत. बारावं चाललंय. चौकात त्यांचा ट्रॅक्टर उभाय, आता निघतील. तुमी हात घातला तर मी आडवी पडीन, सांगून ठेवते! बायकामाणसाला ढकलून तर जाणार न्हाई ना तुमी? पाच मिंटं. फक्त पाच मिंटं द्या, मग कॉम्प्युटर न्या, मला न्या, पाटीबी न्या. पिक्चर सापडतील त्यात, न्हाई म्हणत न्हाई.

वाजला बगा हॉर्न. आलं, आलं! शंभर झालं. काढलं. हे बारावं. सुकन्या, ए सुकन्या, ऊठ बाळा, ही डबी बापाला नेऊन दे, पाण्यात पाडू न—

सुके. हेडफोन कवा काढलास गं तू?

गळ्यात कवापासनं हाय? अशी नको बगू. काय? … मोठ्यानं बोल, काय म्हणलीस?

… व्हय. व्हय बाळा. बाबाची चूक न्हवती. मोबाईलबी चांगला व्हता त्याचा. आत्याची चूक व्हती. जा, डबी दे त्याला, आन हे सांग — आदी आईला सांग, मग त्याला. सगळ्यांम्होरं सांग. पळ, ट्रॅक्टर सुटंल. डाव्या हातात धर डबी.

न्हाई साहेब, आता तुमी काई बोलू नका. बोलायचं झालंय माझं. वायर तिकडं मागं हाय, भिताडाला. काढा आन न्या.