फ्लेक्सची कोरी बाजू

...आणि वर मलाच विचारतात, 'रोदेल, तुला तेवढा एकच फ्लेक्स सापडला का रे?' अहो, मागची बाजू कोरी होती! पांढरीशुभ्र! पांढरं दिसलं की माणूस काय उलटून बघतो, पलीकडे काय छापलंय ते? ...बरं, बघितलं होतं मी. खोटं कशाला बोलू? पलीकडे सासूबाई होत्या. लाज वाटते हो, पण सांगतो.

तुम्हाला सांगतो, मी काही महाल मागत नव्हतो. बायको ग्लेंडा तिकडे जेद्दाहला नर्स, इकडे फिलिपिन्समध्ये इलोइलोच्या घरात मी आणि तिची आई, नानाय पुरिंग, दोघांनी एकमेकांकडे बघून बघून किती बघायचं? म्हणून कामावरून आलो की तासभर गाड्यांच्या शर्यतीचा गेम. त्यात एकदा डोक्यात किडा वळवळला, की टेबलाभोवती अर्धगोल पडदा करू, प्रोजेक्टर डोक्यामागे टांगू, म्हणजे समोर रस्ता, डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र आणि मधे मी! प्रोजेक्टर मिळाला जपानहून जुना माल येतो त्या दुकानात. नळाचे पाइप आणले, त्यात वाळू भरली, नानायच्या गॅसवर शेकून वाकवले, तीन दिवस भाताला प्लास्टिकचा वास! नानाय तोच भात जेवल्या.

पडदा म्हणून आधी चादर लावली. चादरीला सुरकुत्या! गोल पडद्यावर चित्र आधीच केळ्यासारखं वाकतं, ते कॉम्प्युटरवर एकेक ठिपका ओढून सरळ करण्यात दोन रविवार गेले, आणि सरळ केलेल्या रस्त्यावर या सुरकुत्या! तेवढ्यात कपाटावर दिसला तो फ्लेक्स. नानायच्या पंचाहत्तरीचा. ग्लेंडाला रजा मिळाली नव्हती ना, म्हणून तिनं तिकडून फोनवर बसून फुलं निवडली, अक्षरं निवडली आणि इथे छापून घेतला. नानायनी तो वर्षभर फाटकावर मिरवला, मग पुसून, गुंडाळून वर ठेवला. मी काढला. काय ताणून बसला म्हणता! फक्त उंचीला जास्त. म्हणून वरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा कापल्या, खालची पंचाहत्तरी कापली, मधे उरल्या पांढऱ्या फुलांतल्या नानाय. लाज वाटते हो, पण सांगतो.

टेबल खिडकीशी. पडद्याचा फुगवटा आडवा येतो म्हणून खिडकीचे पडदे मी आधीच काढलेले. संध्याकाळी नानाय चर्चमध्ये प्रार्थनेला गेल्या आणि मी प्रोजेक्टर लावला. आता मला काय ठाऊक, फ्लेक्समधून उजेड आरपार जातो? मी आतून बघतोय डोंगर-समुद्र, आणि गल्लीतून काय दिसतंय? खिडकीभर नानायचा चेहरा, भोवती पांढरी फुलं, मागून लख्ख उजेड! आमच्या गल्लीत याचा दुसरा अर्थच होत नाही! कॉफी उकळायची, बिस्किटांचे डबे काढायचे, रात्र जागवायला पत्ते घ्यायचे आणि मयताच्या घरी जाऊन बसायचं!

आणि मी? कानावर हेडफोन, अंगात अर्धी चड्डी, आणि ओरडतोय... काय ओरडत होतो माहितीये? 'रस्ता मोकळा! आता मला अडवणारं कुणी उरलं नाही!' पहिला आलो, दोन्ही हात वर करून खुर्चीतच नाचलो, गर्रकन मागे वळलो... तर दारात पंधरा माणसं, गुडघ्यांवर, हातात जपमाळ!

शेजारच्या लुमेनताईनं हेडफोन उपटला. 'मेल्या, सासूला कुठं ठेवलंयस?'

'कुठल्या सासूला?'

'किती आहेत रे तुला?'

मी काही बोलणार, एवढ्यात फोन. ग्लेंडा! कुणीतरी खिडकीचा फोटो तिला धाडलेला. रडतेय, 'पंचाहत्तरीला नाही आले, आता हेही नाही...' मी म्हणतोय, 'अगं, आई ठणठणीत आहे!' 'मग दाखव!' काय दाखवू? आई चर्चमध्ये! अर्धा तास बायको तिकडे हुंदके देतेय आणि मी इकडे अर्ध्या चड्डीत फोन धरून उभा. त्या अर्ध्या तासाची मला खरंच लाज वाटते हो. हसू नका.

शेवटी फाटक वाजलं. नानाय! अंगणात पत्त्यांची दोन टेबलं लागलेली, त्यांतून वाट काढत आल्या, फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, 'ग्लेंडा, जेवलीस का?' मग लुमेनताईकडे वळल्या. लुमेनताई म्हणे, 'पुरिंग, तुझ्यासारखी बाई होणे नाही, असं म्हणून आत्ताच रडत होते गं!' 'मग थांबलीस का? रड की,' नानाय म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. एकही माणूस घरी गेला नाही. कॉफी संपवली, पत्त्यांचा डाव पुरा केला!

मला वाटलं, सुटलो. तर नानाय उठल्या आणि फ्लेक्सच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. 'वरची अक्षरं?'

'कापली.'

'ग्लेंडानं निवडली होती.'

एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

दुसऱ्या दिवशी म्हटलं, 'नानाय, तुम्हाला नवीन छापून आणतो.' तर म्हणाल्या, 'नको. फुलं तरी तिचीच आहेत. राहू दे तुझा पडदा. फक्त उलटा लाव.' उलटा म्हणजे? म्हणजे छापलेली बाजू आत!

आता रोज संध्याकाळी मला तीन बाजूंनी सासूबाई! रस्ता कपाळावरून निघतो, नाकाशी अवघड वळण, आणि हनुवटीपाशी शर्यत संपते. परवा पुन्हा पहिला आलो. पहिला! हात वर करणार, तोच समोर ते डोळे, एवढाले... हात गुपचूप खाली घेतले, 'चुकलं, नानाय' म्हटलं, आणि उठून भांडी घासायला गेलो.