ओनुमा-सानचा पट्टा

हॅलो? … हो वहिनी, मीच, सिंधू. … अगं आत्ताच शिरले घरात, तोयोसु स्टेशनवरून चालत आले, पाणीसुद्धा प्यायले नाही. … हो, पाहिला. मुलगा पाहिला. … हळू बोल, दादा झोपला असेल ना दुपारचा? … जागा आहे? तुझ्या शेजारीच बसलाय? … बरं. मग त्याला म्हणावं, जेवण जिरू दे, मी क्रमाने सांगते.

… नाही, तसं वाईट काही नाही. … तसं चांगलंही काही नाही. … अगं ऐक ना!

तुझी लेक पूर्वी म्हणाली होती तसाच आहे. उंच, खांदे रुंद, कान चुरगळलेले. कुस्तीगिराचे असतात तसे, खरे. दादाला सांग. … काय म्हणतोय? … "कान हा पुरावा नव्हे." बरं.

वय चौतीस. पूर्वीपेक्षा सहा वर्षांनी मोठा. … सहाच. तुझ्यात आणि दादात आठ आहेत, मी करवली होते, मला माहीत आहे.

आता काम. … तू भिशीत काय सांगून बसलीस? "जपानी पैलवान"? … वहिनी! कितीदा सांगितलं, तो हसवणारा कुस्तीगीर आहे. … सर्कशीतला नाही गं. … लाल नाक वगैरे काही नाही. चड्डी आणि गळ्यात टाय. … शर्ट नाही. नुसता टाय. … हो, बायकाही बघतात. माझ्या शेजारच्या आजी घरून डबा घेऊन आल्या होत्या.

रिंगमध्ये तो कारकून असतो. म्हणजे असं बघ, समोरून एकशेतीस किलोचा राक्षस ओरडत येतो. आणि आपले ओनुमा-सान कमरेत वाकतात, चड्डीतून व्हिजिटिंग कार्ड काढतात, आणि दोन्ही हातांनी पुढे करतात. … अगं इथे कार्ड दोन्ही हातांनीच घ्यायचं असतं! वाकून, नाव वाचून. न घेणं म्हणजे फार असभ्य. राक्षस घेतो बिचारा. दोन्ही हात गुंतले, मान खाली, की हा ती मान पकडतो. … हसलीस ना? मीही हसले. सात वेळा. मोजलं. … राजीव? त्याचं विचारूच नकोस. हा नवरा माझा आमच्या रांगेतून ताडकन उठला आणि खिशातून स्वतःचं कार्ड काढलं. बारा वर्षांची ऑफिसची सवय!

… नाही, तरी हरतोच. बहुतेक वेळा. पूर्वीने आकडे लिहून दिलेत मला. सातशे बारा लढती, नऊ जिंकल्या. त्यातल्या चार, समोरचा आजारी पडला म्हणून. … दादा हसला. नाही म्हणू नकोस, ऐकू आलं मला.

… पहिल्यापासून असा नव्हता. आधी दात-ओठ खाऊन लढायचा. सेंदाईला छोटी कंपनी होती कुस्त्यांची, तिच्यात. मग दोन हजार अकराचा भूकंप झाला, कंपनी उरली नाही. हे चार-पाच जण शाळांमधून फिरायला लागले, घरं गेलेले लोक जिथे राहत होते तिथे. जिमखान्यात चटया टाकून कुस्त्या. कोण बघणार? एक दिवस भर लढतीत एक म्हातारी सरळ चटईवरूनच निघाली, पलीकडे गरम सूपची रांग होती. याने समोरच्याची मान सोडली, वाकला, म्हणाला, "सुमिमासेन." माफ करा, तुमच्या वाटेत आलो. समोरचाही वाकला. मग म्हातारी वाकली. म्हणून हा पुन्हा वाकला. थांबायचं कुणी, तेच कुणाला कळेना. … हो. सगळा जिमखाना हसला म्हणे. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

… तेव्हापासून वाकतोय. … मी कुठे रडवतेय तुला? नाक पूस आणि ऐक. … हो, पूर्वी तिथेच भेटली त्याला, नंतर, तिच्या पीएचडीच्या वेळी. क्योतोहून ती गेली भूकंपातल्या जमिनीचे नमुने आणायला, आणि हा नमुना घेऊन आली.

… दादाची अट? विसरेन कशी? "एक तरी किताब दाखवा, मग लग्नाचं बोलू." … म्हणूनच तर सांगते. जिंकला होता! … "होता" म्हणजे … आधी किताब तर ऐक!

पट्टा असतो. कमरेला बांधायचा. … गदा नाही. … दादा, इकडे गदा देत नाहीत! … अकरा दिवसांपूर्वी जिंकला. आधीचा पट्टेदार याच्या सांडलेल्या कार्डांवरून घसरला. … घसरला तर घसरला, पडला ना उताणा? चौदा वर्षांतला पहिला किताब, वहिनी. पण या पट्ट्याची एक खोड आहे. तो कुणीही, कुठेही, केव्हाही जिंकून घेऊ शकतो. … कुणीही म्हणजे कुणीही. मागे एका पोस्टमनने घेतला होता. फक्त पंच हजर पाहिजे. त्यामुळे पंच अकरा दिवस याच्या मागे. ट्रेनमध्ये मागे, कोनबिनीत मागे … अगं ते चोवीस तासांचं दुकान. कचरा वेगवेगळा करून टाकायला खाली उतरला तरी मागे. … हो, पूर्वीबरोबर जेवायला गेला तेव्हाही. शेजारच्या टेबलावर, रेघारेघांचा शर्ट घालून. … बघ, मीही तेच म्हटलं! पोरगी एकटी अशी नव्हतीच कधी. तुमच्या वेळी तुझी आई तुमच्याबरोबर धाकट्या नंदूला पाठवायची, तसंच.

तर आज लढत होती, ती जिंकला. माझ्या डोळ्यांदेखत. … हो! … नको, दादाला एवढ्यात सांगू नकोस. पुढे ऐक.

टाळ्या झाल्या आणि पूर्वी त्याला घेऊन आमच्या रांगेपाशी आली. घामाघूम, कमरेला पट्टा, गळ्यात टाय, मागे पंच. पूर्वीने पंधरा दिवस तालीम घेतली होती त्याची. मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा. आणि कुणाला काय म्हणायचं ते, मावशी, आत्या, मामी, काकू. … इथे सगळ्यांना एकच शब्द गं, ओबासान. त्यामुळे बिचाऱ्याचा आत्या आणि मावशीत घोळ. तर तो गुडघ्यांवर बसला, माझ्या पायांवर कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "मा…" मावशी म्हणणार होता. पूर्वीने चिमटा काढला. लगेच सुधारलं. "…आत्त्या!"

… मग काय, मग? जोडून म्हण ना. "मा-आत्त्या." … अगं जपानीत "माइत्ता" म्हणजे "हरलो"! कुस्तीत एकदा असं म्हटलं की संपलं. त्यात गुडघे टेकून कपाळ जमिनीला, ही तर इथली शेवटची शरणागती. मी आपली डोक्यावर हात ठेवून म्हणतेय "सुखी राहा", तोवर पंच पोटावर घसरत आला, जमिनीवर थाप मारली, घंटा वाजली, आणि त्याने माझा हात धरून वर केला.

… हो. … हो वहिनी, मी. मी जिंकले. … माझ्याकडेच आहे. डायनिंग टेबलवर. … पंचही आलाय ना! आता माझ्या मागे. राजीव त्याला चहा करून देतोय.

… असा परत देता येत नाही गं, हरावं लागतं. आता या वयात मी भाचजावयाशी कुस्ती खेळू? … तो? लोकांसाठी हसला, चारी बाजूंना वाकला. मग आत गेल्यावर टायने डोळे पुसत होता, पूर्वीने पाहिलं. आणि तिला काय विचारलं माहितीये? "नमस्कार तरी बरोबर झाला ना?"

… तेच सांगते. पूर्वी इथेच आहे, आतल्या खोलीत. मला म्हणाली, आत्या, बाबांना खरं सांग. हरला म्हणूनच सांग. पण या वेळी नाही म्हणाले तर मी पुन्हा विचारणार नाही. … विचारणार नाही म्हणजे करणार नाही असं नव्हे, वहिनी. परस्पर करेल आणि फोटो पाठवेल. बापावर गेलीये.

… काय? दादा फोन मागतोय? … दे.

हॅलो, दादा. … हो, ऐकलंस ना सगळं? … हरला. … माझ्याकडूनच. … थट्टा कशाला करू? … काय लागली? … पाठ? … पाठ कशी लागेल? पालथा होता तो! उताणं पडून नमस्कार करतं का कुणी? … पाठ वर, छताकडे. … नाही, खांदाही नाही टेकला. एकही नाही. … अरे हळू, वहिनीच्या कानात बोटं गेली असतील. … हो, वीस वर्षं मैदानावर पंच होतास, माहीत आहे. … "चितपट झाल्याशिवाय हार नाही." मला काय सांगतोस? इथल्या पंचाला सांग. समोर बसून चिवडा खातोय. … नाही, त्याला मराठी येत नाही. … शिव्याही नाहीत येत.

… तोंडाने म्हटलेलं धरायचं नसतं? … बरोबर. … आणि मोठ्यांच्या पाया पडताना तर मुळीच नाही. … बरोबर आहे रे, पण त्याला सवय आहे हरायची, सातशे तीन वेळा … बरं, ही सातशे चारावी मोजायची नाही. नाही मोजत. … कवठ्याच्या मैदानात तू असल्याच निकालावर कुस्त्या थांबवल्या होत्यास, हो, दोन तास.

… अर्ज? कुणाकडे करणार? … स्वतः येणार? इथे? … पुढच्या महिन्यात? आणि येऊन करणार काय? … पंचाला तोंडावर विचारणार. … काय विचारणार? … थांब, थांब. आवाज नीट नाही आला. स्पीकर लावते … पूर्वी! बाहेर ये. लवकर. … हं दादा, आता मोठ्याने म्हण.

… "आमच्या जावयाची पाठ कुठे लागली ते दाखव."

… नाही, कुणी रडत नाहीये. … अगदी योग्य प्रश्न आहे, दादा. … काय? "जावई म्हणजे, मला तसं म्हणायचं…" … हॅलो? … आवाज तुटतोय रे. … हॅलो? … छे, काहीच ऐकू येत नाही. ठेवते हं!