स्तोत्र गाऊन जिंकलेला सामना

आदरणीय अध्यक्षा, आपल्या कॉलेजच्या प्राचार्या डॉ. मॉरीन स्वेनडाल, ज्यांच्या पराभवामुळेच आजचा योग जुळून आला ते प्रमुख पाहुणे, वेस्टरकर्क कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक श्री. गेरिट काइपर आणि सौ. विल्मा, आपल्या गायकवृंदाचे संचालक डॉ. ब्रेके, आजचे सत्कारमूर्ती, आणि पुढच्या खुर्च्या मोकळ्या ठेवून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

प्रशिक्षक निवृत्त होताना त्यांच्या पत्नीनं बोलावं, ही कल्पना कुणाची ते मला ठाऊक नाही. ज्याची असेल त्याला थोड्याच वेळात पश्चात्ताप होईल.

सत्कारमूर्ती, म्हणजे आर्विड टॉलेफसन, म्हणजे माझा नवरा, एकोणीस वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात न्याहारीला बसला होता. त्याच आठवड्यात त्याला आपल्या संघाचं प्रशिक्षकपद मिळालं होतं. काट्याला धिरडं टोचलेलं, त्यावरून पाक ठिबकतोय, अशा अवस्थेत तो उठला आणि म्हणाला, "वेस्टरकर्कला हरवीन त्याच दिवशी मैदान सोडीन. त्याआधी नाही!" तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. वाटलं, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. त्यानंतर आमची कारी लग्न करून ओरेगॉनला समुद्राकाठी राहायला गेली. तिला दोन मुलं झाली, थोरल्याला आता मिसरूड फुटलंय, आणि त्याच्या लेखी आजी म्हणजे फोनमधून येणारा एक आवाज. मला त्या पोरांजवळ जायचं होतं. पण आर्विड जिंकेल तर ना!

बरं, गप्प बसतील ते काइपरसाहेब कसले? त्यांनी ही प्रतिज्ञा ऐकली आणि तिकडे जाहीर केलं, "मग मीही टॉलेफसनकडून हरेन त्याच दिवशी घरी बसेन." झालं! विल्मा आणि मी, दोघी अडकलो. दर नोव्हेंबरात एकाच घोंगडीत बसून, एकाच थर्मासातली कॉफी पीत सामना बघायचो. तिच्या नवऱ्याच्या संघानं गुण मिळवला की ती कपाळावर हात मारायची. लोकांना वाटे, किती खिलाडूवृत्तीची बाई! माफ कर विल्मा, पण आज खरं काय ते सांगायलाच हवं.

आता या हंगामाकडे वळते. आपल्या कॉलेजात पहिला मान गायकवृंदाचा, फुटबॉलचा नंतर, हे तुम्हाला मी सांगायला नको. यंदा आपला क्वार्टरबॅक, म्हणजे हाक देऊन खेळ सुरू करणारा खेळाडू, होता नेल्स ओडेगार्ड. आणि नाताळच्या मैफलीतला मुख्य गायकही तोच. डॉ. ब्रेके पहिल्याच दिवशी मैदानावर आले.

"पोरानं ओरडायचं नाही. घसा बसेल."

"अहो, मग हाक कशी देणार तो?" आर्विडनं विचारलं.

"गाऊ दे ना."

आणि पोरगं गाऊ लागलं हो! पुढच्या फळीतले धिप्पाड गडी सगळे वृंदातलेच. ते खालच्या स्वरात साथ देऊ लागले. पहिली ओळ संपली की मधल्या गड्यानं चेंडू मागं द्यायचा, असं ठरलं. पहिला सामना आपण सपशेल हरलो, पण समोरच्या संघानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सामन्यात एकाचा स्वर जरा उतरला, तर नेल्सनं ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. वेळ घालवला म्हणून दंड झाला. आर्विड कडेला उभा राहून किंचाळतोय, "अरे, चेंडू टाका!" आणि प्रेक्षकांतून डॉ. ब्रेके हातानं खुणावताहेत, हळू, हळू. आपल्या साप्ताहिकानं तर सामन्याचा वृत्तान्त संगीताच्या पानावर छापला. 'संघ खालच्या स्वरांत दमदार, मात्र लयीत घाई जाणवली.' असे एकामागून एक सगळे सामने आपण अत्यंत सुरेल हरलो.

शेवटचा सामना वेस्टरकर्कशी. बर्फ भुरभुरत होतं. ते चार गुणांनी पुढे, खेळ संपायला आलेला, चेंडू आपल्याकडे आणि शेवटची एकच संधी. चेंडू हातात घेऊन शेवटची रेषा ओलांडली तर सहा गुण. नेल्स घाबरला. ठरलेल्या सगळ्या ओळी विसरला. आणि त्या भेदरलेल्या पोराच्या तोंडून आलं ते सुगीच्या आभारप्रार्थनेचं स्तोत्र. आपल्याकडेही पाळण्यातल्या पोरांना येतं ते, आणि वेस्टरकर्कच्या डच घरांमध्येही.

पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, तरी सांगते, कारण अजून माझाच विश्वास बसत नाही. वेस्टरकर्कची पोरं वाकलेली होती ती सरळ उभी राहिली. शिरस्त्राणं काढून छातीशी धरली आणि गाऊ लागली. अशा वेळी उभं राहायचं, हे त्यांच्या आयांनी त्यांच्या हाडात मुरवलेलं. आपलीही पोरं गाऊ लागली. पंचांनी टोपी काढली. त्यांचे वडील पाद्री होते. प्रेक्षक उठले, विल्मा आणि मीही उठलो, घोंगडी बर्फात पडली. डॉ. ब्रेके तर बाकावर चढून हातवारे करू लागले.

गात नव्हता तो एकटा आपला टॉर्वाल्ड हॉगे, नेल्सच्या मागं उभा असलेला. त्याला सूर नाही. लहानपणी डॉ. ब्रेकेंनीच त्याला सांगितलं होतं, "बाळ, तू नुसते ओठ हलव." पहिली ओळ संपली, मधल्या गड्यानं सवयीनं चेंडू मागं दिला, तो टॉर्वाल्डच्या हातात पडला. चेंडू हातात आला की पुढं जायचं, एवढंच त्या लेकराला माहीत. पण प्रार्थना चालू असताना पळायचं कसं? म्हणून तो चालत निघाला. "माफ करा हं... जरा वाट देता?... आभारी आहे." वेस्टरकर्कच्या एका दांडग्यानं तर गाता गाता बाजूला सरकून त्याला वाट दिली! टॉर्वाल्ड शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचला, चेंडू खाली ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला. आमेन झालं. पंचांनी टोपी घातली, चेंडू शोधला, आणि दोन्ही हात वर केले. सहा गुण, आपण जिंकलो!

एकोणीस वर्षांनी देव पावला, असं मला वाटलं. पण देव पावला तरी नवरा आडवा येतोच.

आर्विड तरातरा मैदानाच्या मध्यावर गेला. "गेरिट, हे काही खरं नाही. तुझी पोरं प्रार्थनेला उभी होती. तूच जिंकलास."

"छे छे, नियमात गाण्याला बंदी नाही. तू जिंकलास."

"अरे नाही रे बाबा!"

"अरे हो रे!"

विजेत्याला द्यायची ती दुधाची जुनी किटली दोघं एकमेकांकडे ढकलत राहिले. आपल्याकडे ताटलीतला केकचा शेवटचा तुकडा जसा कुणीच घेत नाही, तसं. पोरं थंडीनं काकडत होती. शेवटी आर्विड म्हणाला, "असं करू, पुढच्या वर्षी पुन्हा खेळू." विल्मानं माझा दंड असा धरला की वळ उठले. आम्ही दोघी मैदानात उतरलो.

"आर्विड," मी म्हटलं, "मुकाट्यानं किटली घे."

"अगं, पण न्याय म्हणून काही..."

तेव्हा काइपरसाहेब जे बोलले ते आयुष्यभर विसरणार नाही. म्हणाले, "आर्विड, माझी पोरं मनापासून उभी राहिली. स्तोत्र ऐकून उभं राहू नका, असं मी त्यांना पुढच्या वर्षीही शिकवणार नाही. मग पुढच्या वर्षीही तूच जिंकशील. घे ती किटली, मला घरी जाऊ दे."

आर्विडनं किटली घेतली.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात कोट न काढताच उभा होता. किटली टेबलावर. म्हणाला, "जॉर्डिस, शनिवारी लोक काय करतात गं?" त्याचं उत्तर माझ्याकडे एकोणीस वर्षांपासून तयार होतं. समुद्र, नातवंडं, सगळं घोकून ठेवलेलं. पण त्याचा चेहरा बघितला आणि मी त्याच्या कोटाची बटणं काढू लागले. मंडळी, त्याच्या विजयासाठी दर रविवारी हात जोडणारी मी, जिंकल्यावर या माणसाचं काय होईल, याचा विचारच केला नव्हता. मला फार रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी कारीला फोन केला. तिच्या गावातल्या शाळेत लहान मुलांचा एक संघ आहे. चेंडू हातात आला की ती उलट्या दिशेला पळतात. त्यांचा प्रशिक्षक कंटाळून सोडून गेलाय. आर्विडच्या वतीनं मी होकार कळवलाय. ही गोष्ट त्याला आत्ता, तुमच्याबरोबरच कळते आहे.

आर्विड, उठू नकोस, माझं बोलणं संपलेलं नाही. त्या पोरांना जिंकवायची घाई करू नकोस. मला समुद्राकाठी खूप वर्षं राहायचंय. या खेपेला मी दर रविवारी तुझ्या पराभवासाठी हात जोडणार आहे.

प्राचार्यांनी मला बोलू दिलं, आणि तुम्ही इतकी वर्षं आमच्या पराभवांत सोबत केलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला, आणि काही राहून गेलं असेल तर ते विल्माला विचारा. आर्विड, हा माझा रुमाल घे. आता ऊठ.