तोणीतली माणसं

मंडळी, बसा. मागे कोणी उभं असेल तर पुढे या, जागा आहे.

मला बोलायला सांगितलंत, कारण सेतूचा मी थोरला चुलत भाऊ. तालुका कचेरीत सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहितो आहे, म्हणून तुम्हाला वाटलं याला शब्द सुचतील. नाही सुचत. सेतू जाऊन बारा दिवस झाले, तोंड उघडलं की पाणी आत येईल असं वाटतं.

सेतुमाधव इथल्या शाळेत आपल्या सगळ्यांच्या मुलांना भूगोल शिकवायचा. फळ्यावर एका हाताने कावेरी काढायचा, तिचे सगळे फाटे, न बघता. तिकडे उत्तरेला मराठी लोकांचं वेगळं राज्य झालं तेव्हा सुट्टीत पुण्याला जाऊन आला. मी विचारलं, तिकडेच नोकरी बघतोस काय रे? तर म्हणाला, "अण्णा, आपलं मराठी ऐकून तिथे लोक हसतात. चांगली माणसं आहेत, पण हसतात. मी इथेच बरा." त्याला पोहता येत नव्हतं. हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या दिवशी काय झालं, ते तुम्ही एका तऱ्हेने ऐकलं आहे. मी दुसऱ्या तऱ्हेने सांगतो.

ओरत्तनाडूच्या वाटेवरची ती एरी, ते मोठं तळं, तुम्ही पाहिलं आहे. कार्तिकात भरली की पलीकडचा काठ दिसत नाही. पलीकडे आमच्या देवीचं ठाणं. दरवर्षी नैवेद्य न्यायचा असतो. बांधावरून वाट होती, पण चिखल होता, लांब पडत होतं. म्हणून तोणी, लहानशी होडी. मी आणि माझे दोघे मेहुणे, असे तिघे. सेतू नुसता पोचवायला आला होता. सायकलच्या कॅरियरवर वर्गाच्या वह्या बांधलेल्या. म्हणाला, तुम्ही जाऊन या, मी इथे पिंपळाखाली बसून तपासतो.

तिघे. आपल्या घरांत तिघे मिळून निघत नाहीत, तुम्ही जाणता. तिघे जायचेच असले तर बायका पिशवीत एक खडा टाकतात, चौथा म्हणून. त्या दिवशी खडा घ्यायचा राहिला. एक खडा, मंडळी. बांधावर हजार पडले होते. मला वाकायचा कंटाळा आला, आणि मी भावाला हाक मारली. "सेतू, ये रे, चौथा हो."

तोणीवाला वीरय्यन म्हणाला, "सामी, मी आहे ना. माझ्यासकट चारच झाले. याहून जास्त नको. तोणीचा काठ पाण्याच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. आणि दुपारचा वारा सुटायच्या आत परत यायचं."

मी काय म्हणालो? हेच सांगायला उभा आहे. मी म्हणालो, "तुला त्यात कसं धरायचं? आमच्या घरचा चौथा हवा."

त्याने सेतूसाठी जागा केली. मी कचेरीतला माणूस, तो काय बोलणार? सेतूनेही ऐकलं. मी थोरला ना. त्याने वह्यांवर टॉवेल टाकला आणि येऊन बसला. बसल्यावर काठाला हात लावून मोजलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, दोनच बोटं आहेत." आणि ती दोन बोटं त्याने वर करून दाखवली. मी हसलो. म्हणालो, मास्तर, तुझा भूगोल शाळेत ठेव.

मध्यावर वारा आला. लाट मोठी नव्हती. घरातल्या बादलीत उठावी एवढी. पण काठ दोन बोटं होता. ती आत आली, तिच्यामागून दुसरी आली, आणि तोणी आमच्या खालून निघून गेली.

वीरय्यनने मला आधी ओढलं, कारण मी जवळ होतो. पालथ्या तोणीला धरायला लावलं. मग माझे मेहुणे, एकेक. मग तो सेतूसाठी बुडी मारत राहिला. किती वेळा, ते मी मोजलं नाही. शेवटी त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

आता रोज जेवायला बसलो की तांब्या समोर येतो. मी बोटं लावून बघतो, पाणी काठाच्या किती खाली आहे. बायको विचारते, काय करता? मी सांगत नाही. डोळे मिटले की दोन बोटं दिसतात. चेहरा दिसत नाही हो, सेतूचा चेहरा दिसत नाही. बोटं दिसतात.

आणि या बारा दिवसांत आपण काय केलं? तोणीवाल्याने हावरटपणाने माणसं जास्त भरली, असं आपण म्हणालो. मीही मान हलवली. त्याची तोणी कायमची बंद करा, असा अर्ज तयार झाला. कोणी लिहिला? मी लिहिला. चांगल्या इंग्रजीत. तो या खिशात आहे, तुमच्या सह्यांसाठी. सह्या करू नका. उद्या मी दुसरा लिहीन, त्यात हे सगळं असेल, आणि खाली एकट्याची माझी सही असेल.

अंबुजावहिनी, तुम्ही त्या खांबाशी बसला आहात. तुमच्याकडे बघून हे बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. क्षमा मागत नाही. तुमच्या नवऱ्याला हाक मी मारली; ती कुठल्या तोंडाने मागू?

मंडळी, त्या दिवशी तोणीत आम्ही पाच माणसं होतो. पाच. पहिला वीरय्यन. हे मी आज मोजलं.

तो आला आहे. मघापासून खाली पायरीशी, चपला ठेवतात तिथे उभा आहे. वर ये असं त्याला कोणी म्हटलं नाही. वीरय्या, वर ये. इथे, माझ्या शेजारी.

सगळे उभे राहा. आपण सेतूसाठी दोन मिनिटं गप्प राहू. पण तो वर येईपर्यंत थांबा. तो आल्याशिवाय आपण सगळे झालो नाही.