सावंतकाकांचा होस्टा

अरे, आमच्या फणसवाडीतल्या सावंतकाकांचं ऐकलंस का? काकू कॅनडाहून, मुलाकडून येताना होस्टाचं रोप घेऊन आल्या. सावलीत वाढतं, पानं सुपाएवढी होतात म्हणे. आमच्या गॅलरीत ऊन येतं कुठे? म्हणून मोठ्या हौसेने त्यांनी ते कुंडीत लावलं. दोन-चार पानं फुटली आणि काकू देवाघरी गेल्या.

मग रोप सुकायला लागलं. याला थंडी लागते, असं कुणीतरी सांगितलं, तर काका रोज सकाळी कुंडीत बर्फ घालायला लागले. तरी गेलंच रे ते.

परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा मुलाचा फोन आला. “बाबा, इकडेच या ना. आमचं अख्खं अंगण होस्टाने भरलंय.”

काका म्हणाले, “त्यातलं एक तरी तुझ्या आईने लावलंय का रे?”