डावी बाजू

(सरकारी दंत-दवाखान्यातली हिरड्यांची खोली. बँडमधला क्लॅरिनेटवादक खुर्चीत. समोर हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टर, कोपऱ्यात दातांची सफाई करणाऱ्या ताई.)

वादक : म्हणूनच म्हणतो बाई, डावीकडचे सगळे उपटून टाका. वर्षभर खेटे घातले. कंटाळलो.

डॉक्टर : मग वाजवाल कसं?

वादक : कवळी लावून वाजवणारे आहेत की. फुंकर निसटते थोडी. पण बँडच्या गलक्यात कोणाला कळतंय!

डॉक्टर : तुम्हाला कळेल.

वादक : तेवढं बोलू नका.

डॉक्टर : आ करा. उजवीकडच्या हिरड्या तर घट्ट आहेत. डावीकडे मात्र दात हलताहेत. एकाच तोंडात असं कसं?

वादक : सफाई उजवीकडेच झाली ना.

डॉक्टर : म्हणजे?

वादक : हिरड्यांखालची खोल सफाई एका वेळी अर्ध्या तोंडाची. पहिल्या बाईंनी उजवी केली. डावी पुढच्या वेळी, म्हणाल्या. पुढच्या वेळी दुसऱ्याच बाई. त्या म्हणाल्या, मी आपली पहिल्यापासून करते. पुन्हा उजवी. मग एक दादा आले, तेही उजवीकडून. आणि सफाई पुरी झाल्याशिवाय तुमच्याकडे पाठवत नाहीत. आज मीच घुसलो.

डॉक्टर : अन् तुम्ही गप्प बसलात?

वादक : तोंडात नळी, कापूस, अवजार. बोलणार कसा? वाटलं, शिकलेली माणसं आहेत, काही पद्धत असेल.

(दवाखान्याचे प्रमुख दारात येतात.)

प्रमुख : बाई, ताईंना दात काढायच्या खोलीत पाठवा. रांग दाराबाहेर गेली आहे.

डॉक्टर : नाही पाठवत, सर.

प्रमुख : त्या रांगेतली माणसं ठणक्यानं कळवळताहेत. हिरड्या दुखत नाहीत. त्या थांबू शकतात.

डॉक्टर : दुखत नाहीत म्हणूनच त्या थांबवल्या जातात, आणि अखेर त्याच रांगेत येऊन उभ्या राहतात. आपण मला आणलंत, नवं यंत्र आणलंत. पण मी हिरडी कितीही निगुतीनं शिवली, तरी आधीची सफाई एका हातानं पुरी झाली नाही आणि नंतर ठरल्या वेळी तोच हात पुन्हा फिरला नाही, तर माझी विद्या फुकट आहे. यांची उजवी बाजू तीनदा झाली, सर. डावी एकदाही नाही.

प्रमुख : तीनदा? मधेच माणसं हलवली कोणी?

डॉक्टर : आपणच. दर वेळी रांग होती.

प्रमुख : मी तरी काय करू? इकडे ओढलं की तिकडे उघडं पडतं.

डॉक्टर : ठाऊक आहे. म्हणून जास्त माणसं मागतच नाही. आहेत त्या ताईंना हलवू नका, एवढंच.

वादक : साहेब, माझ्यापायी भांडू नका. मी उपटून घ्यायलाच आलोय.

प्रमुख : वाचतील का हो, बाई?

डॉक्टर : एक जाईल. बाकीचे वाचवू, ताई राहिल्या तर.

प्रमुख : राहू द्या. रांगेतले दात मी काढतो.

डॉक्टर : आपण? गुडघे दुखतात ना?

प्रमुख : दुखतात. स्टूल घेऊन बसतो.

वादक : ताई, मान एवढी मागे चालेल?