साफ केलेलं गाणं

गोंदियाच्या बसस्थानकावर तिरोड्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या मंदाबाईच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडलं. एक म्हातारी आत्या भाच्यावर कडाडत होती.

"खुमेंद्र, गुरुजींच्या जुन्या मैफलीची नवी सीडी लय साफ झाली, असं मासिकात तूच लिहिलं ना?"

"हो, आत्या. मागची घूंघूं पूर्ण काढली सीडीवाल्यांनी. महागड्या स्पीकरवर गाणं काय खुलून राहिलं!"

"घूंघूं? अरे, तानपुरा होता तो!"

"इतका बारीक?"

"बारीकच वाजवतात त्याले. गुरुजींच्या मागं बसून मी वाजवत होती."

"कव्हरवर तुझं नाव नव्हतं, आत्या."

"नाव त्यांनी आधीच गाळलं. आता आवाजही पुसला, अन् तू त्याले पाच तारे देल्ले!"

"पुढच्या अंकात चूक कबूल करतो."

"कर. पण पहिल्या ओळीत माझं नाव लिही. फुलवंता. पूर्ण लिही."

मंदाबाईची गाडी लागली. ती उठली नाही.